डावा कोपरा

प्रुवो : …म्हणजे सगळं चित्र साफ करा, मादाम झेली. फक्त खालचा डावा कोपरा सोडा. मोर्व्हालची सही आहे तिथं.

झेली : मस्यू प्रुवो, काल काजळी काढताना यात मला माझी आई भेटली.

प्रुवो : ही लेस विणणारी?

झेली : अंगठ्यावरचा डाग बघा, इस्त्रीनं भाजल्याचा. तो झाक म्हणाली होती. मी झाकला नाही, तर आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. हे मी काढलंय, एकोणिसाव्या वर्षी.

प्रुवो : रुआँतल्या निम्म्या बायकांचे अंगठे भाजलेले आहेत.

झेली : मोर्व्हाल आमचे गुरू. वर्गातल्या पोरींची चांगली चित्रं दुरुस्तीला म्हणून ठेवून घ्यायचे. परत कधी दिली नाहीत.

प्रुवो : मेलेल्या माणसावर काहीही बोलता येतं. रविवारी महापौर येणार आहेत. संग्रहालयात मोर्व्हालचं हे एकच चित्र आहे.

झेली : ओल्या रंगात केलेली सही रंगाबरोबरच वाळते, ती निघत नाही. वॉर्निशवर मागाहून केलेली वॉर्निशबरोबर जाते. चिंधी स्पिरिटमध्ये भिजवलेलीच आहे.

प्रुवो : हात लावू नका. मी सांगतोय, मादाम.

(झेली कोपऱ्यावरून चिंधी फिरवते.)

झेली : बघा. गेले मोर्व्हाल.

प्रुवो : आणि तुमचं नाव कुठंय? इथं तर नुसता तपकिरी रंग आहे.

झेली : पोरींनी मागच्या बाजूला सही करायची, असा वर्गाचा नियम होता. पुढं शोभत नाही म्हणायचे.

प्रुवो : मागं मजबुतीसाठी चिकटवलेलं नवं कापड आहे. आमच्याकडे आलं तेव्हापासून. काय केलंत हे, बाई? आता पाटीवर ‘चित्रकार अज्ञात’ लिहावं लागेल मला.

झेली : निदान ‘चित्रकर्ती’ लिहा.

प्रुवो : त्यालाही पुरावा लागतो.

झेली : त्या नव्या कापडाखाली आहे पुरावा. सोडवून बघू.

प्रुवो : नवं कापड चिकटवण्याआधी जुन्याची पाठ खरवडतात ना? तुम्हीच शिकवलंत मला.

झेली : हो. खरवडतात.

प्रुवो : तुम्हीही?

झेली : चाळीस वर्षं. कुणाचं नाव आलं पात्याखाली, तर वाचायला कधी थांबले नाही.