युसूफ वडगावची बैठक आणि काठीवाले आजोबा

तुम्ही चहा घ्या, तोवर युसूफ वडगावचं सांगतो. त्या गावात शाळेच्या खोलीत आमचा स्वमग्न मुलांच्या पालकांचा गट जमतो. तो मी चालवतो, असं लोक म्हणतात. माझी स्वतःची तशी खात्री नाही. त्या रविवारी सुनीता मुलाला घेऊन पहिल्यांदाच आली होती. तिच्या मागोमाग तिचे सासरे आले, शेळ्या राखायची काठी हातात घेऊनच.

"ऊठ. माझा नातू येडा न्हाई. परत हितं आलीस तर घरात घेणार न्हाई."

पोरगं कान झाकून किंचाळायला लागलं. आमच्यात रीत आहे, मूल बिथरलं की सगळ्यांनी खाली बसायचं आणि एक शब्दही बोलायचा नाही. सगळे बसले. मीही बसलो, पण नजर त्या काठीवर.

"कावून बोलंना कोणी? मी काय भुंकायलोय का?"

ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी तर लई शिकलेले ना?"

माझ्याकडे उत्तरं होती. पण एक चुकीचं निघालं तर ही बाई पुन्हा दिसणार नाही, या धास्तीने तोंड उघडेना. शेवटी वैतागून तेही खाली टेकले.

हळूहळू किंचाळणं थांबलं. पोरगं उठलं, आजोबांकडे गेलं आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिलं.

आजोबा हलक्या आवाजात म्हणाले, "घरी तर जवळ बी येत न्हाई."

सुनीताने पदर सावरला. "घरी तुमी कधी गप बसता, मामंजी?"