तीन गाठींची दोरी

लिवा मास्तर, तुमी लिवतच बसले तर मी बी सांगतोच, पन मधात थांबवू नोका, मले एकदा थांबवलं का मी कुठचा कुठं जातो. आमी मूळचे चांदूर बाजाराकडचे. कुनब्याचेच लेकरं, पन चार भावांत वावर एवढुसं, अन् मी सगळ्यात धाकटा, तर बापानं मले सांगतलं का बाबू, तुह्या वाट्याले माती काही येत नाई, तू दगड धर. म्हनून मी दगड धरला. एलिचपूरचे लतीफ ओस्ताद होते, इहिरी बांधनारे गवंडी, त्यायच्या हाताखाली रायलो, लगन झालं, दोन लेकरं झाले, तरी त्यायच्याच हाताखाली. मानूस कसा, तर जमिनीले कान लावून सांगे का पानी इतकं खाली हाय, अन् पानी तिथंच लागे. अजून मले त्याचं नवल वाटते.

त्यायची एक रीत होती. चुन्याची फक्की टाकून आखनी झाली का ओस्ताद एक सुताची दोरी मालकाच्या हातात देत, म्हनत, काय काय पायजे ते तोंडानं बोला अन् एकेका गोष्टीची एक गाठ मारा. गाठ मालकानंच मारायची, सोताच्या हातानं. मंग ती दोरी कामावरच्या झाडाले टांगायची, काम पुरं होईपर्यंत ओस्तादाबिगर कोनी काढायची नाई. मालकाच्या मनात नवीन काही आलं तर यावं त्यानं, खुशाल नवी गाठ मारावी, पन आधी एक जुनी सोडावी. एक मारायची तर एक सोडायची. मी एकदा इचारलं का ओस्ताद, सोडाले कावून लावता, मालक जास्तीचं देते ना. तर हासले, म्हने, अरे मालक सारं देईन, पन दिवस कोठून आनून देईन? मानसाच्या मनाले काठ नसते बेटा, इहिरीले लागते.

आता तवाचा काळ काय सांगू तुमाले. सायेबाच्या मुलखापल्याड कुठं लढाई लागली म्हने, तिकडचा कापूस बंद पडला, अन् आमच्या वऱ्हाडाच्या कापसाले सोन्याचं मोल आलं. कोन लढून रायलं, कावून लढून रायलं, आमाले काय मालूम, पन गाड्यांच्या रांगा पाहाव्या माय! सकाळी पह्यली गाडी निंघाली तर शेवटची गावाबाहेर पडेपर्यंत ऊन डोक्यावर येई. रस्त्याच्या दोन्ही आंगच्या बाभळी कापसानं पांढऱ्या. बडनेऱ्याकडे आगगाडीचा रस्ता येऊन रायला होता, तो पाहाले मी मुद्दाम पायी गेलतो, लोखंड मातीवर निजवलेलं, नजर जाते तिथपर्यंत, मी हात लावून पाह्यला अन् हात जोडले, खरं सांगतो. तेल्हाऱ्याहून अकोल्याले कापूस जाय त्या वाटेवर एक गाव हाय, नाव लिवू नोका, तिथच्या दाजीबा पाटलानं ओस्तादाले बलावनं धाडलं.

पाटलाचा बाप त्याच वाटेवर मेला होता. कापसाले मोल नव्हतं तवाची गोष्ट. भर उन्हात बैलं बसले, बाप पान्यासाठी नाल्याकडे गेला, नाला कोरडा, तिथंच पडला. म्हनून पाटलाले वाटेवर इहीर पायजे होती. ओस्तादानं दोरी देल्ली. पाटलानं पह्यली गाठ मारली इहिरीची, दुसरी बैलांच्या हौदाची, तिसरी खाली उतराच्या पायऱ्यांची. पह्यली गाठ मारताना त्याचे डोळे भरून आलते. म्हने ओस्ताद, येत्या अखजीले, अक्षय तिजेले, बापाच्या नावानं घागर भरतो आमी, ती घागर मी ह्या इहिरीतून भरीन. ओस्ताद म्हने, भरसान. दोरी लिंबाले टांगली. दसरा होऊन गेलता, अन् काम लागलं.

दिवाळीच्या मांगंपुढं ओस्तादाले हिवताप आला. गाडीत घालून एलिचपूरले न्यावं लागलं. जाताना माह्याकडे पाहून म्हने, इहीर तुह्या हाती, दोरीकडे ध्यान ठेवजो. अन् मी, मास्तर, दोरीकडेच ध्यान ठेवलं नाई.

झालं काय, त्या वर्षी पाटलाचा कापूस इकल्या गेला, काय भावानं ते इचारू नोका, पाटील अकोल्याहून आला तर बैलांच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या. दुसऱ्या दिवशी कामावर आला, मले म्हने, मिस्तरी, नुसती इहीर कशी दिसन, वर दगडी मांडव पायजे. मी म्हटलं, पाटील, एक गाठ सोडा. तर म्हने, कोनती सोडू, तूच सांग, इहीर सोडू का बैलांचं पानी सोडू? त्यानं चवथी गाठ मारली. पंधरा दिवसांनी पाचवी, महादेवाच्या घुमटीची. मंग एक दिवस जवळ बसला, पान देल्लं, म्हने तुह्या हातात कसब हाय बाप्पा, म्हातारा ओस्ताद तुले इहिरीतच गाडून रायला, मांडवापुढं दोन हत्ती कर, सारा वऱ्हाड पाहाले येईन. काय सांगू तुमाले, त्या दिवशी मी झोपलो नाई. सहावी गाठ पाटलानं मारली, पन दोरी मी सोता झाडावरून काढून त्याच्या हातात देल्ली.

दगड फोडनारे सारे इहिरीतून वर काढले अन् खानीवर लावले. पायऱ्यांसाठी, काठासाठी घडवलेला दगड मांडवाले गेला. मी हत्ती घडवाले बसलो. काळा दगड, सोंड वर उचललेली, सोंडेच्या वळ्या, कानाच्या शिरा, डोळ्याच्या कडेची सुरकुती सुद्धा, मले माहितच नव्हतं का हे माह्या बोटांत हाय. गावच्या बाया कोसावरून पानी आनत, डोक्यावरची घागर न उतरवता हत्तीपुढं उभ्या राहत, म्हनत, आता हालते वाटते. मी खुश. मांगं इहीर अर्धी, कोरडी ठन, अन् कोनाचं तिकडे ध्यान नाई.

चैत आला. नाला आटला. गाड्या तर थांबत नव्हत्या. एक दिवस दुपारी तेल्हाऱ्याचा एक गाडीवान आला, त्याले कोनी सांगतलं होतं का पाटलानं वाटेवर पान्याची सोय केली. त्यानं मांडव पाह्यला, हत्ती पाह्यले, त्याले वाटलं पोचलो. बैलं सोडून हौदापाशी नेले. हौद होता जी, हौद बांधला होता मी, चांगला गुळगुळीत. बैलानं त्यात तोंड घातलं, कोरडा दगड चाटला, पुन्हा चाटला, अन् हत्तीच्या पायाशी बसला तो उठला नाई. कोनीतरी बाई घागर घेऊन धावली, पन उशीर झालता. गाडीवानानं आमाले शिवी देल्ली असती तर बरं झालं असतं. तो हत्तीकडे पाहून म्हने, लय सुंदर केले बाप्पा, अन् बैलाची मान मांडीवर घेऊन रडाले लागला. दाजीबा पाटील तिथंच उभा होता. त्यानंच एलिचपूरले गाडी धाडली.

ओस्ताद आले, निस्ते हाडं रायलते आंगावर. मले वाटलं मारतीन. पन ते सीधे लिंबापाशी गेले मास्तर. दोरी काढली, पाटलाच्या हातात देल्ली. पाटलानं घुमटीची गाठ सोडली, मांडवाची सोडली. हत्तींच्या गाठीशी बोटं थांबले, माह्याकडे पाह्यलं त्यानं. ओस्ताद म्हने, ते नंतर, आता मानसं खाली उतरवा. अखजीले पंधरा दिवस होते. पाटील सोता घमेले ओढाले उभा रायला, मी पहार घेऊन खाली.

अखजीच्या आदल्या दिवशी पहारीखालून गार वारा आल्यावानी झालं, अन् पानी फुटलं, पन बाजूनं फुटलं, मुरमातून, अन् मुरूम वाहाले लागला, भिंत सुटली. खाली आमी सहा जनं. वरून ओस्ताद ओरडले, दगड द्या, घडलेला दगड, जड! घडलेला दगड होताच कुठं, सारा मी मांडवात चिनला होता, अन् मांडव उकलाले वेळ नव्हता. मोकळे होते ते दोन हत्ती. मी खालून ओरडलो, हत्ती सोडा. ओस्ताद म्हने, गाठ पाटलाची हाय. गाठ आवळून गेलती, बोटानं सुटेना, तर पाटलानं ती दातानं सोडली, हे मले मांगून सांगतलं लोकांनी. दोरखंडानं एकेक हत्ती खाली आला. मीच त्यायले पान्यात बसवलं, सुटलेल्या भिंतीले पाठ लावून, सोंड इहिरीच्या पोटाकडे, अन् फटीत दगड ठोकले. मुरूम थांबला. गढूळ पानी माह्या गुडघ्याले लागलं, कमरेले लागलं, अन् हत्तीचे डोळे पान्याखाली गेले. सहाच्या सहा जनं जित्ते वर आलो. दुसऱ्या दिवशी पाटलानं बापाची घागर भरली. ओस्तादानं मले जवळ बोलावलं, माह्या डोक्यावर हात ठेवला, म्हने, काम लय देखनं झालं बेटा, आता जाग्यावर बसलं.

मांडवाच्या दगडाच्या मंग पायऱ्या झाल्या. ओस्ताद दोन वर्षांनी गेले. कापसाचं मोल बी उतरलं, ती लढाई सरली म्हने. पाटलाच्या शेंब्या गेल्या, पाटील गेला, इहीर हाय. मी पुढं लय इहिरी बांधल्या, हरेक कामावर दोरी टांगली, अन् मालक कितीबी मोठा असो, एक सोडल्याबिगर दुसरी मारू देल्ली नाई. लोकं मले खडूस म्हनत, म्हनोत बापडे.

आता डोळ्याले दिसत नाई मले, पन दर अखजीले नातू गाडीत घालून त्या इहिरीवर नेते. हौदाशी बैलं पीत असते, तो आवाज आयकतो. मंग पोराले म्हनतो, पाह्य रे वाकून, हत्ती दिसते काय? तो म्हनते, नाई आबा, पानीच हाय. एवढे वर्षं झाले, लय उन्हाळे खराब गेले, पन हत्तीचा कान सुद्धा कोनाले दिसला नाई. माह्या हातून तेवढं एकच देखनं काम झालं मास्तर. लिवा, देवानं अशीच किरपा ठेवावी, माहे हत्ती कोनाले कधी दिसू नये.