कावळीची टोच

कावळ्याले कोणी अपशकुनी म्हटलं का मी भांडतो. यंदा उन्हाळ्यात आमच्या परसातल्या कडुलिंबावरून कावळ्याचं पिल्लू खाली पडलं. आई तिथंच कुरडया वाळवत होती. पिल्लाच्या मायनं तिच्या डोक्यावर टोच मारली. आमच्याकडं कावळा डोक्याले शिवला का नातेवाइकाले त्या माणसाच्या मरणाची खोटी खबर द्या लागते; तो रडला का संकट टळते.

आई म्हणे, "अंजनगावले मामाले फोन कर."

मामा पाच वर्षांपासून तिच्याशी बोलत नव्हता. तरी दोन घंट्यात रडत आला. बहिणीले कुरडया पलटवताना पाहून मटकन खाली बसला. तेवढ्यात कावळीनं त्यालेही टोचलं.

आई म्हणे, "आता तुह्या मरणाची खबर कोणाले देऊ?"

मामा डोळे पुसत म्हणे, "मले रडणारी तूच एक हायेस. चहा ठेव. पिल्लू उडेपर्यंत मी अठीच राहतो."