चव बघायला आलेलं जोडपं

कॅटरर ठरवतोयस ना? मग आधी आमचं ऐक. आमचा कॅटरर गिऱ्हाइकांना चव बघायला दुसऱ्यांच्याच लग्नात पाठवायचा. मी आणि मुग्धा मुलुंडला एका अनोळखी लग्नात जेवून आलो. मसालेभात एकदम झकास! तिथेच त्याला बुक केलं.

आमच्या लग्नात अर्धे पाहुणे जेवून घरी गेले, तरी आम्ही नवरा-नवरी उपाशीच. आणि हा कॅटरर कुठे? कोपऱ्यात एका अनोळखी जोडप्याला आग्रह करकरून जिलब्या वाढतोय! चव बघायला आलेलं नवीन गिऱ्हाईक, यार.

जेवून ते दोघं स्टेजवर आले. "जेवण मस्त होतं हं! याला बुक करू ना?"

मुग्धा गोड हसली. "करा की. फक्त आजच पोटभर जेवून घ्या. तुमच्या लग्नात तो तिसऱ्याच कुणालातरी वाढत असेल."