तीन सूर्यांचा पडदा

मी मूळची ओतूरजवळची. आमचं बौद्ध घर, वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आन विहारातल्या भिंतीवरची कमळंबी त्यांच्याच हातची, त्यांच्या डब्यात बोटं बुडवून बुडवूनच मी रंग शिकले. आई म्हनायची, सुमन, तुजे हात कदी सोच्छ दिसायचे न्हाईत, आता साठीला आले तरी दिसत न्हाईत, बगा की.

काय सांगू तुमाला, नारायणगावात नानांच्या पडदे रंगवायच्या कारखान्यात लागले तवा रंगवलेल्या पडद्याला लई मान व्हता. तमाशाचे फड, शाळंची गॅदरिंगं, लग्नाची स्टेजं, समद्यांना पडदा लागायचा. मंग फ्लेक्स आला, दुपारी सांगितलं की संध्याकाळी हातात, आमाला कोन इचारतंय? उरलो तिघंच, मी, आहुप्याकडचा दत्तूभाऊ आन कॉलेजात चित्रकला शिकलेली रेश्मा. आन एक दिवस एका फडाचा मॅनेजर आला, म्हनला वगासाठी मोठा पडदा पायजे, रानाचा देखावा. नानांनी आमाला बसवून सांगितलं, ह्यो गाजला तर ठीक, न्हाईतर मीबी फ्लेक्सची मशीन आनतो, तुमी आपापलं बगा. मला दुसरं येतंय काय?

आमच्याकडं रीत अशी, की जागा अपुरी म्हनून पडदा तीन तुकड्यांत रंगवायचा, मागनं शिवायचा, आन दुसऱ्याच्या तुकड्याला कुनी ब्रश लावायचा न्हाई. आदी महालाच्या कमानी असायच्या, त्यात तीन हातांचा फरक खपून जायचा. आमी आपापल्या कोपऱ्यात जीव ओतला. खेळ आंबेगाव तालुक्यातल्या एका जत्रेत व्हता, सकाळीच गेलो, तुकडे शिवले, पडदा बांबूवर चढवला, आन बगतो तर काय, तीन सूर्य! माझ्या तळ्यावर सकाळ, रेश्माच्या झाडांवर भर दुपार, आन दत्तूभाऊच्या डोंगरामागं सूर्य बुडतोय, कारन त्याच्या गावाचा कडा मावळतीला, जलमापास्नं त्यानं सूर्य तिथंच बगितलेला.

मॅनेजर हसला, बाई, एका रानात किती सूर्य ओ? आन फ्लेक्सवाल्याला फोन लावाया लागला.

मंग आमची जुंपली. मी म्हनलं माझाच ऱ्हाऊ द्या, रेश्मा म्हनली माझं ऊन बरोबर हाय, दत्तूभाऊ म्हनला, अक्का, डोंगर हलवू काय मी? मी लई तापट, ब्रश आपटला. तवा नाना दिसले, रंगाच्या डब्यावर एकलेच बसलेले. लई वाईट वाटलं बगा. म्या मॅनेजरला म्हनलं, फोन ठेवा आन सांगा, वगात काय व्हतंय? तो म्हनला, राजा सांजच्याला रान सोडून घराकडं निघतो. झालं की मंग. म्या माझ्या हातानं माझ्या सूर्यावर रंग फिरवला, आन म्हनलं, दत्तूभाऊ, ये, माझ्या तळ्यात तुजी सांज उतरव, तुज्यावानी तांबडं मला जमत न्हाई. तो मागं सरला, रीत न्हाई, अक्का. तसे नाना उठले, रीत घाला चुलीत, घ्या ब्रश!

मंग काय इचारता! रेश्मानंबी आपला सूर्य झाकला, दत्तूभाऊच्या सूर्यापाशी सुतळी धरून समद्या सावल्या एका दिशेला ताणल्या, दत्तूभाऊ माझ्या पान्यात, मी रेश्माच्या झाडांत, ऊन कडक, रंग लगीच वाळत व्हता.

संध्याकाळी दर्शनी पडदा सरला, मागं आमचं रान, स्टेजवर मानूस न्हाई, नाच न्हाई, आन टाळ्या! नुसत्या पडद्याला टाळ्या! पुढं बसलेली म्हातारी म्हनली, आगं बया, ह्यो तर आपलाच डोंगर. मॅनेजरनं तिथंच पुढचा पडदा सांगितला. नाना रडत व्हते आन हसतबी व्हते.

मशीन काय आली न्हाई. नानांनी मागं शेड वाढवली, आता अख्खं कापड एकदम पसरतो, तिघंबी त्याच्यावर, भांडतो रोज, ते काय सुटलं न्हाई. तुमच्याबी कामात असे भांडनारे मिळू देत, भाऊ, भलं व्हईल तुमचं. परवा एका पावन्यानं इचारलं, अक्का, ह्या पडद्यात तुमचं काय काय? म्या लई येळ बगितलं. तळं माझं, पन पान्यातली सांज दत्तूभाऊची, काठावरची सावली रेश्माची. म्हनलं, राव, समदंच माझं.