पोट टेकलेली गाडी

नाही नाही, बसा ना खुर्चीवर, उभ्याउभ्या कशाला वायर लावताय – गाडी आता कुठे पळून जात नाही. दीड महिना झाला, ह्याच पत्र्याखाली उभी आहे, आणि चिखलही मी कुणाला धुऊ दिलेला नाही, मुद्दाम, म्हटलं कंपनीचा इंजिनिअर येईल तेव्हा त्याला सगळं जसंच्या तसं दिसलं पाहिजे. तर मी काय सांगत होतो – हां, उसळली. तक्रारीत मी तेच लिहिलंय. पाय नुसता ठेवला होता मी, नुसता, आणि ती मागे अशी उसळली की दाबून धरलेली स्प्रिंग सुटावी. ह्यात माझं काय चुकलं? तुमचा तो शोरूमवाला छातीठोकपणे सांगत होता – वाळू असो, चिखल असो, ही गोल खुंटी फिरवायची आणि निश्चिंत बसायचं, चारही चाकांचं काय करायचं ते गाडी बघून घेते. मी निश्चिंत बसलो. एवढंच केलं मी.

चावी? ही घ्या. गाडी काय काय लिहून ठेवते हो आत? सगळंच? म्हणजे – त्या दिवसाचंही असेल अजून? बरं. काढा, काढा. मला काय त्याचं, मीच तर बोलावलंय तुम्हाला.

माझं फरशांचं दुकान आहे. आता मोठं आहे, पण सुरुवात केली ती स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये नमुन्याच्या फरशा उभ्या धरून, एक फरशी फुटली की तो दिवस वाया. आणि धाकटा भाऊ वर राहतो, ह्या जिन्यानं वर गेलं की त्याचं बिऱ्हाड. तो पंप दुरुस्त करतो. पाण्याचे पंप. हात कायम काळे, पण माणूस असा की गल्लीत कुणाचं काही अडलं की आधी त्याच्याकडे जातात. माझ्याकडे नाही येत कुणी. म्हणजे नमस्कार करतात, खुर्ची देतात, पण विचारायचं असलं की त्याला. आई होती तोवर तीही तसंच – साधी कपाटाची कडी बसत नसली तरी, धाकट्याला येऊ दे, तो बघेल. मी समोर बसलेलो असायचो.

मला त्याचा राग आहे असं नाही हं. तसं काही मनात आणू नका. भाऊ आहे माझा.

गाडी आली त्या दिवशी सगळी गल्ली बघायला जमली. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे. हा खाली आला, हात पुसत, आणि काय केलं असेल? सरळ जमिनीवर आडवा झाला आणि गाडीच्या खाली डोकं घालून बघायला लागला. मी वाट बघतोय, आता बोलेल, आता बोलेल – दादा, झकास आहे, एवढंच हवं होतं मला, दोन शब्द. तर बाहेर आला आणि म्हणाला, दादा, वजन फार आहे हिला, आणि टायर गुळगुळीत रस्त्याचे आहेत, कच्च्यात जपून घाल. चार लोकांत. मी हसून साजरं केलं. पण ते टोचत राहिलं – आत कुठेतरी कुसळ राहावं ना, तसं.

मग ते तलावाचं काम निघालं. एक नर्सरीवाला आहे, त्याला तलावातून पाणी उचलायचं होतं, पंप बसवायचा होता काठावर. धाकट्याची पिकअप बिघडून पडलेली. मी म्हटलं, माझ्या गाडीत टाक पंप, मी सोडतो. तो नको नको म्हणत होता, सीट खराब होईल म्हणाला. मीच आग्रह केला. खरं सांगायचं तर दुकान सोडून गेलो मी त्या दिवशी, भर सकाळी. तलाव बराच आटलेला, पाणी आत सरकलेलं, आणि मधली जमीन वरून अगदी कडक, भेगा पडलेली, पापडासारखी. तो म्हणाला, इथेच रस्त्यावर थांब, इथून आपण दोघं पंप उचलून नेऊ, फार तर दोनशे पावलं आहेत. मी म्हटलं, मग ही गाडी घेतली कशाला? आणि घातली खाली. खुंटी चिखलावर फिरवली होती मी, ते बघा, लिहिलेलं असेल तुमच्या यंत्रात. नियमाप्रमाणे सगळं.

साठ-सत्तर पावलं गेली असेल. वरचा पापड फुटला आणि खाली नुसतं लोणी. पुढची चाकं गेली, मग मागची गेली, मी दामटतोय, चाकं जागच्या जागी फिरतायत आणि गाडी आपली खाली, खाली – आणि मग एक आवाज आला, मोठा नाही, धप्प, जसं जड माणूस गादीवर बसावा. धाकटा उतरला, बघितलं, आणि म्हणाला, झालं दादा, पोट टेकलं, आता चाकं नुसती लोंबकळतायत, किती का फिरेनात. आणि हसला.

मी सांगतो तुम्हाला, तो वाईट हसला नव्हता. तो तसाच हसतो, कशालाही. पण काठावर चौघं मासेमार जाळी सोडवत बसले होते, ते त्याचं बघून हसले. आणि मी त्या काचेच्या आत, एसीत, पांढऱ्या शर्टात.

मग तो कामाला लागला. तुम्ही बघायला हवं होतं त्याला. टायरमधली हवा सोडली, निम्मी निम्मी, नखानं दाबून बघत. फावडं घेतलं, पोटाखालचा चिखल उकरला, एकट्यानं, तासभर. पंपाखाली घालायच्या जाड फळ्या होत्या, त्या मागच्या चाकांमागे ठोकून बसवल्या. मी मदतीला उतरणार होतो – नाही, खोटं कशाला बोलू, नव्हतो उतरणार, माझे बूट नवे होते. तो मला समजावत होता, पुढे जायचं नावच काढू नकोस, आलो त्याच चाकोरीतून मागे निघायचं, आणि अगदी हलक्या पायानं, जसं काही ॲक्सिलरेटरखाली अंडं ठेवलंय. मी इशारा करीन तेव्हाच. मी बावन्न वर्षांचा आहे हो. तीस माणसं आहेत माझ्या हाताखाली. आणि हा मला अंडं शिकवतोय, ते चौघं ऐकतायत.

काय झालं? काय दिसतंय? – बंद होती? कसं शक्य आहे, ट्रॅक्शनची यंत्रणा तर – हां. हां, बरोबर आहे, बंद केली होती. त्यानंच सांगितलं होतं करायला. म्हणाला ती चाकाला सारखी आवरून धरते, चिखलात चाकाला थोडं फिरू द्यावं लागतं. बटण मीच दाबलं. म्हणजे ती यंत्रणा त्या वेळी चालूच नव्हती, असं तुमचं म्हणणं. मग तिनं कशी उसळवली – हो, कळलं मला. कळलं. लिहा तुम्ही.

पण कॅमेऱ्याचं आहे ना. मागचा कॅमेरा चिखलानं भरला होता, काही म्हणजे काही दिसत नव्हतं, आता ह्यात तरी ड्रायव्हरचा दोष नाही ना? एवढी मोठी गाडी, आरशात मागचं खालचं दिसत नाही, माणूस पडद्यावरच विसंबतो, आणि पडदाच जर –

नका बघू असं.

चिखल नव्हता कॅमेऱ्यावर. होता, पण त्यानं पुसला. स्वतःच्या बनियनच्या टोकानं पुसला, आणि पडद्यावर त्याचा चेहरा आला हो, एवढा मोठा, घामानं भिजलेला, आणि त्यात बघून मला विचारलं, दिसतंय का आता, दादा? मी म्हटलं दिसतंय. मग डावीकडची फळी सरकली म्हणून तो खाली बसला, उकिडवा, चाकाच्या मागे. मला त्याची पाठ दिसत होती. स्वच्छ. बनियनला पडलेली भोकंसुद्धा दिसत होती. आणि तो म्हणाला, थांब हं, मी बाहेर येईपर्यंत थांब. काच खाली होती, मी ऐकलं. तेवढ्यात त्या मासेमारांतला एक ओरडून काहीतरी बोलला, मला शब्द कळले नाहीत, पण धाकटा पुन्हा हसला, ती पाठ हलली हसताना, आणि मी –

मला त्याला मारायचं नव्हतं. एवढं तरी तुमचं यंत्र सांगू शकेल का? नाही सांगणार. मला फक्त गाडी काढायची होती, त्याच्या इशाऱ्याशिवाय, माझी मी. एकदाच. मला वाटलं ती हळूच हलेल, तो दचकून बाजूला होईल, चिखलात बसेल धपकन, आणि मग हसायची पाळी माझी. एवढंच होतं डोक्यात. पण फळ्या इतक्या चांगल्या बसवल्या होत्या त्यानं, इतक्या चांगल्या, की चाकाला एकदम पकड मिळाली. त्याचंच काम ते. त्याच्या कामानंच गाडी त्याच्या अंगावर आली.

ओरडला नाही तो. मासेमारच ओरडले. चाक कमरेवरून गेलं आणि त्याला आत दाबलं, त्या लोण्यात, आणि डॉक्टर म्हणाले, जमीन मऊ होती म्हणून वाचला, कडक असती तर हातीच लागला नसता. त्या चौघांनी त्याला हातांनी उकरून काढलं आणि त्यांच्याच टेम्पोत घातलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, मी तोंड उघडणार तर हाच बोलला, दात आवळून – माझा पाय घसरला, मीच चाकाखाली गेलो. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरी बायकोलाही तेच. आल्यागेल्यालाही तेच. दीड महिना झाला, एका शब्दाचा फरक नाही.

मी ते तसंच चालू दिलं. सोपं होतं ते. त्यानं दार उघडून धरलं, मी बाहेर पडलो.

पण माझी भावजय – ती फार बोलत नाही, पण नजर पक्की आहे तिची. आठवड्यानं खाली आली, ह्याच खुर्चीपाशी उभी राहिली, आणि मला म्हणाली, भाऊजी, ह्यांचा पाय घसरला असेल, पण तेव्हा गाडी हलत का होती? बस, एवढंच. मी म्हटलं, गाडी आपोआप उसळली, कंपनीचा दोष आहे, मी सोडणार नाही त्यांना. तोंडातून निघून गेलं. मग तक्रार करावीच लागली. ती रोज विचारते, आले का कंपनीचे? आणि तुमचा फोन आला, की मी येतोय म्हणून, तेव्हा मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं – म्हटलं हे लोक काहीतरी शोधून काढतील, एखादी तार, एखादा स्क्रू, काहीतरी निघेलच. एवढ्या मोठ्या गाडीत एक तरी गोष्ट बिघडलेली असेल ना?

काही नाही? एकही नाही.

काठीनं चालेल, म्हणतात डॉक्टर. पण उकिडवं बसता येणार नाही, कधीच. आता पंपवाल्यानं उकिडवं बसायचं नाही म्हणजे काय करायचं, सांगा. परवा त्यानं निरोप पाठवला, दादाला म्हणावं वर येऊन बसत जा की, मला करमत नाही. मी म्हटलं, दुकानात काम आहे. सतरा पायऱ्या आहेत फक्त.

नका, तो पडदा माझ्याकडे फिरवू नका. किती सेकंद ते मला नको. पाय पूर्ण दाबलेला आहे, हो ना? ब्रेक नाहीच. मला माहितीये, पाय माझाच होता. तुम्ही असं लिहा – गाडीत दोष नाही, मालकानं तक्रार मागे घेतली. कुठे सही करू? इथे? झाली. प्रत वर देऊन या – नाही, थांबा. तुम्ही नका जाऊ वर. प्रत ठेवूच नका, घेऊन जा सगळं. हे कागद वाचून भावजयीला कळलेलं मला नको आहे, मला तोंडानं सांगायचंय, तो समोर असताना, म्हणजे त्याला पुन्हा माझ्याआधी बोलता येणार नाही.

वायर काढा तुमची. चहाचं विचारलं नाही मी, पुन्हा कधीतरी. निघा आता. निघा म्हणतो ना, मला वर जायचंय.