बादशहाच्या गळ्यातले मोती

जेद्दाच्या चित्रप्रदर्शनासाठी चित्रं जमा करायच्या रांगेत माझ्यापुढे एक कोकणी जोडपं होतं. खिडकीतल्या माणसानं त्यांचं मुघल शैलीतलं चित्र नुकतंच परत केलं होतं.

“काय म्हणाला गो तो?”

“म्हणतो, हे छापील आहे. इथं फक्त हातानं काढलेलं घेतात.”

“खलास. चल घरी, हलिमा.”

“खारीच्या केसांच्या कुंचल्यानं बादशहाची दाढी काढली, ती घरी न्यायला?”

“इतकी बारीक काढलीस म्हणूनच छापील वाटली त्याला. थोडी बिघडवायचीस!”

“द्या इकडे. भाईसाब, इसको जरा तिरछा पकडिए. अब गले के मोती देखिए.”

“चमकले गो!”

“चमकणारच. पांढऱ्या रंगाचा थेंबावर थेंब चढवलाय. छपाईत मोती असे वर येतात होय?”

“साहेबाला बोलावलं त्यानं. साहेब भिंग लावतोय... मान हलवली! घेतलं, हलिमा, घेतलं!”

“अहो, हळू. मागे लोक उभे आहेत.”

“असू देत. काका, मघापासून हसताय, म्हणजे मराठीच ना? या, असे बाजूनं बघा. ते मोती माझ्या बायकोनं काढलेत!”